अम्फो म्हणजे तालुका का? दान सायचं उदाहरण घेऊन सांगतो

प्रश्न थोडक्यात असा होता की मुलगी थायलंडच्या लोई प्रांतात एका शाळेत इंग्रजी शिकवायला चाललीय, करारातल्या पत्त्यात "अम्फो दान साय" लिहिलंय, तर अम्फो म्हणजे आपला जिल्हा का तालुका, तिथे कारभार कुणाचा चालतो, काम पडलं तर कुणाला भेटायचं, आणि त्या भागाला काही इतिहास आहे का नुसतंच खेडं आहे. ईशान्य थायलंडमधे ग्रामीण विकासाच्या प्रोजेक्टांवर बरीच वर्षं काढलीत, अम्फोच्या कचेऱ्यांमधे बाकड्यावर बसून वाट बघण्यात त्यातला बराच वेळ गेला, त्यामुळे लांबलचकच लिहितो, सवडीने वाचा ताई.

आधी साइजचं बोलू. बँकॉक सोडून थायलंडमधे 76 प्रांत आहेत, त्यांना चांगवात म्हणतात, आणि त्या सगळ्यांचे मिळून 878 अम्फो. म्हणजे आकाराने अम्फो हा आपल्या तालुक्याच्याच जवळ जातो, इंग्रजीत त्याला डिस्ट्रिक्ट म्हणतात म्हणून आपली माणसं जिल्हा समजून बसतात. अम्फोच्या खाली तांबोन, म्हणजे काही गावं मिळून केलेला गट, आणि तांबोनच्या खाली मूबान म्हणजे गाव. गावाला नाव असतंच पण सरकारी कागदावर नंबर चालतो, मू 3, मू 7 असा, त्यामुळे पत्ता वाचायचा तो घर नंबर, मू नंबर, तांबोन, अम्फो, चांगवात या क्रमाने. दान सायमधे असे 10 तांबोन आहेत. लोई शहरापासून अंतर साधारण 80 किलोमीटर, पण रस्ता डोंगरातला आहे.

आता मुद्द्याचं. तालुका म्हटलं की आपल्या डोक्यात तहसील कचेरी आणि पंचायत समिती दोन्ही एकदम येतात आणि गडबड तिथेच होते, कारण अम्फोला निवडून आलेली बॉडीच नाही. अम्फो म्हणजे बँकॉकच्या गृहखात्याचा तिथपर्यंत पोचलेला हात, बास. कायद्याने प्रांताला स्वतंत्र अस्तित्व आहे, अम्फोला तेही नाही, तो प्रांताचा एक भाग. त्याचा प्रमुख नाय अम्फो, हा गृहखात्याच्या प्रांतिक कारभार विभागाचा अधिकारी, लोकांनी निवडलेला नाही आणि बहुतेकदा त्या गावचाही नाही. त्याच्या हाताखाली पालात म्हणजे असिस्टंट अधिकारी. बाकी कृषी, आरोग्य, समाजविकास, जमीन या खात्यांची माणसं त्याच आवारात नाहीतर आसपास बसतात पण त्यांचा पगार, बढती, बजेट हे सगळं त्यांच्या त्यांच्या खात्याकडून येतं, नाय अम्फोने मीटिंग बोलावली की येतात आणि ऐकूनही घेतात, करतात मात्र आपापल्या खात्याचं. पोलीस तर त्याच्या हाताखाली नाहीतच, ते राष्ट्रीय पोलीस दलाचे. त्याच्या हाताशी असतात ते स्वयंसेवक दलाचे जवान, लष्करासारख्या गणवेशात कचेरीच्या गेटवर दिसतील, त्यांना पोलीस समजू नका.

हे असं का झालं ते कळायला इतिहासात जावं लागतं, आणि दान साय त्यासाठी एक नंबर उदाहरण आहे.

गावाजवळ मान नदीच्या काठी एक पांढरा स्तूप आहे, फ्रा थात सी सोंग राक. 1560 ला काम सुरू झालं आणि 1563 ला पुरं झालं. लाओसकडच्या लान सांग राज्याचा राजा सेत्थाथिरात आणि अयुथयाचा (थाई लोकांचं तेव्हाचं राज्य) राजा चक्रफात, या दोघांनी बर्मी आक्रमणाच्या भीतीने मैत्री केली आणि त्या मैत्रीची खूण म्हणून दोन राज्यांच्या सीमेवर हा स्तूप बांधला. म्हणजे हा भाग तेव्हापासूनच सीमेवरचा, धड इकडचा नाही धड तिकडचा नाही. आजही तिथली बोली बँकॉकच्या थाईपेक्षा लुआंग प्राबांगच्या लाओला जवळची आहे, मुलगी पुस्तकातून थाई शिकून गेली तर पहिले काही आठवडे बाजारात नुसती बघत राहणार. आणि एक, स्तूपाच्या आवारात लाल कपडे चालत नाहीत, लाल फुलंसुद्धा नाहीत, लाल म्हणजे रक्त आणि ही जागा शांततेच्या वचनाची, असं तिथले लोक सांगतात. तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर दारातून परत पाठवतील.

जुन्या सयाममधे, म्हणजे तेव्हाच्या थायलंडमधे, लांबच्या मुलखांचा कारभार स्थानिक घराण्यांकडे असायचा. राजधानीला खंडणी, माणसं, जंगलातला माल पाठवायचा आणि उरलेल्यावर आपलं भागवायचं, पगार वगैरे भानगड नव्हती. दान साय हे असंच एक छोटं ठाणं, लोम साकच्या अखत्यारीतलं. मग 1893 साली फ्रेंच गनबोटी बँकॉकच्या चाओ फ्राया नदीत घुसल्या आणि मेकाँगच्या डाव्या काठचा सगळा मुलूख सयामने गमावला. फ्रेंचांनी तारण म्हणून चांताबुरी ताब्यात ठेवलं, 1904 च्या कराराने ते सोडायचं कबूल केलं पण त्याऐवजी समुद्राकडे त्रात आणि इकडे डोंगरात दान साय घेतलं. आता विचार करा, नकाशावर शोधावं लागेल असं हे खेडं, आणि पॅरिसला त्याच्यावर चर्चा चाललीय. शेवटी 23 मार्च 1907 चा तह झाला, त्यात सयामने बाट्टंबांग, सिसोफोन आणि सिएम रीप दिलं आणि बदल्यात त्रात, तिकडची बेटं आणि दान साय परत घेतलं. सिएम रीप म्हणजे अंकोरवाट जिथे आहे ते! अर्थात सयामला फ्रेंचांच्या आशियाई प्रजेवर खटले चालवायचा हक्कही काही प्रमाणात मिळाला, तो मोठा फायदा होता, पण जमिनीचा हिशोब बघितला तर अंकोरवाट एका पारड्यात आणि दान साय दुसऱ्या पारड्यात अशी ही अदलाबदल आहे. परत आल्यावर दान साय लोम साकला न जोडता लोईला जोडलं, ते आजपर्यंत तिथेच आहे.

याच काळात बँकॉकमधे दुसरी मोठी गोष्ट चालू होती. राजा चुलालोंगकोर्न 1872 मधे तरुणपणी हिंदुस्थानात येऊन गेला होता, कलकत्ता, दिल्ली, आग्रा आणि आपली मुंबईसुद्धा बघून गेला, इंग्रज एवढा मोठा मुलूख थोड्या पगारी अधिकाऱ्यांवर कसा चालवतात हे त्याने पाहिलं. त्याचा सावत्र भाऊ राजपुत्र दामरोंग, तोही 1891 मधे युरोपला गेला तेव्हा परतताना हिंदुस्थान आणि ब्रह्मदेश बघून आला, आणि 1892 ला गृहमंत्री झाला तो 1915 पर्यंत. थायलंडचा आजचा ग्रामीण कारभार बऱ्याच अंशी या एका माणसाचा आहे. त्याने स्थानिक घराण्यांच्या हातून कारभार काढून घेतला, पगारी अधिकारी नेमले, प्रांतांचे गट करून त्यांना मोंथोन म्हटलं आणि प्रत्येकावर आपला कमिशनर बसवला. मोंथोन 1933 मधे रद्द झाले, 1932 च्या क्रांतीनंतर, पण त्याखालची प्रांत, अम्फो, तांबोन, गाव ही उतरंड तशीच राहिली.

यातली गंमत म्हणजे वरून सगळं नेमणुकीने आणि अगदी खाली मात्र निवडणूक. 1892 मधेच दामरोंगने अयुथयाजवळ बांग पा इन इथे प्रयोग केला, गावकऱ्यांना सांगितलं तुमचा मुखिया तुम्हीच निवडा. गावचा मुखिया तो फूयायबान, आणि तांबोनचा मुखिया कामनान, जो फूयायबानांमधलाच एक असतो. 1897 मधे कायदा झाला, 1914 मधे नवा झाला आणि तो 1914 चा कायदा दुरुस्त्या होत होत अजून चालू आहे, शंभर वर्षं उलटून गेली. 10 ऑगस्टला तिकडे कामनान फूयायबान दिन असतो, भाषणं, सत्कार, फोटो, सगळं साग्रसंगीत. बायकांना या पदावर यायला मात्र 1982 उजाडलं. आणि हो, एकदा निवडून आला की फूयायबान साठीपर्यंत बसतो, मधे पाच पाच वर्षांची मुदत होती ती 2008 च्या दुरुस्तीने काढून टाकली. मला विचाराल तर ही दुरुस्ती वाईट झाली, फूयायबान गावाचा प्रतिनिधी कमी आणि अम्फोचा शिपाई जास्त झाला, पण माझ्याशी सहमत नसणारे गावकरीही खूप भेटलेत, त्यांचं म्हणणं दर पाच वर्षांनी गावात दोन तट पडायचे ते तरी थांबलं.

हे केंद्रीकरण लोकांनी गुपचूप मान्य केलं असं मात्र समजू नका. 1901-02 मधे ईशान्येत उबोनच्या बाजूला मोठा उठाव झाला, आम्ही पुण्यवान आहोत, जग बदलणारे, असं म्हणणारे पुढारी आणि त्यांच्यामागे हजारो शेतकरी, सरकारी फौजेच्या बंदुकांपुढे त्यांचा निभाव लागला नाही. नवे कर, नवे अधिकारी आणि सत्ता गेलेली जुनी घराणी, हे सगळं त्याच्यामागे होतं. बँकॉकमधे अजूनही ईशान्येबद्दल जो एक संशय आहे ना, त्याची मुळं इतकी जुनी आहेत.

दान सायच्या बाबतीत दुसरा संशयाचा काळ म्हणजे 1960 च्या दशकाच्या शेवटापासून 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचा. लोई, फित्सानुलोक आणि फेचाबून हे तीन प्रांत जिथे मिळतात तिथल्या डोंगरात कम्युनिस्ट पार्टीचे तळ होते, मोठा तळ फू हिन रोंग क्लावर. दान सायचे डोंगर त्याला लागूनच. त्यामुळे तेव्हा रस्ते झाले ते लष्कराच्या गाड्यांसाठी, आणि अम्फोचे तुकडे पडले ते पण याच काळात, नाहेओ आणि फू रुआ हे आजचे शेजारचे अम्फो आधी दान सायचाच भाग होते. सरकारी कारण अंतराचं, लोकांना कचेरी लांब पडते वगैरे, आणि ते खोटं नव्हतं, पण सीमेवरच्या डोंगरात सरकारी कचेरी आणि झेंडा लवकरात लवकर पोचवायचा हेही होतंच. 1980 मधे पंतप्रधान प्रेम यांनी 66/2523 नंबरचा हुकूम काढला, शस्त्र टाकून या, गुन्हे लावणार नाही, आणि दोनतीन वर्षांत जंगल रिकामं झालं.

सीमेचं भूत तरी सुटलं का, तर नाही. 1907 च्या तहात हद्द हुआंग नदीने जाते असं लिहिलं, पण वर डोंगरात नदीचे फाटे आहेत आणि खरी हुआंग कोणती यावर थायलंड आणि लाओस दोघांचं वेगळं. त्यावरून डिसेंबर 1987 ते फेब्रुवारी 1988 बान रोम क्लाओ गावावरून दोन देशांची खरीखुरी लढाई झाली, तोफा, विमानं सगळं. 19 फेब्रुवारी 1988 ला युद्धबंदी झाली. ते गाव फित्सानुलोक प्रांतात आहे, दान सायमधे नाही, पण भांडण त्याच कागदाचं. आता काळजीचं काही नाही, सीमेवर बाजार भरतात.

आता आजचा कारभार, कारण मुलीला तो लागणार. अम्फोच्या कचेरीत थाई माणूस जन्मापासून मरेपर्यंत येतो. जन्ममृत्यूची नोंद, 13 आकडी नंबरचं ओळखपत्र (आता वयाच्या 7 व्या वर्षापासून), लग्नाची नोंद, घटस्फोट, बंदुकीचं लायसन. देवळात कितीही थाटात लग्न लागलं तरी कायद्याने नवराबायको व्हायचं ते अम्फोच्या काउंटरवर. प्रत्येक घराचं एक नोंदणी पुस्तक असतं, थाई लोकांचं निळं, परदेशी माणसाचं पिवळं. मुलगी जास्त वर्षं राहणार असेल तर पिवळं पुस्तक काढायला हरकत नाही, बऱ्याच ठिकाणी पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं, पण घरमालक सोबत लागतो, साक्षीदार लागतात आणि प्रत्येक अम्फोची कागदांची यादी थोडी थोडी वेगळी असते, तिथे वाद घालून उपयोग नाही. व्हिसा मात्र अम्फोचं काम नाही, ते इमिग्रेशनचं, आणि ती राहायला आली की 24 तासांत घरमालकाने इमिग्रेशनला कळवायचं असतं, शाळेला आधीच विचारून घ्या कोण करणार ते.

एप्रिलमधे तिथे असेल तर एक दृश्य जरूर बघावं. 21 वर्षांच्या मुलांना लष्करात भरतीसाठी चिठ्ठी काढावी लागते, अम्फोच्या आवारात नाहीतर शाळेच्या हॉलमधे. काळी चिठ्ठी निघाली तर सुटला, लाल निघाली तर चालला. आया बाजूला हात जोडून उभ्या, काळी निघाली की पोरगं उड्या मारतंय, लाल निघाली की कधीकधी चक्कर येऊन पडतंय.

रस्ता, पाणी, कचरा, अंगणवाडी हे अम्फोचं काम नाही हे मात्र डोक्यात पक्कं करा, कारण परदेशी माणसं नेहमी तिथे चुकीचं दार वाजवतात. त्यासाठी तांबोन पातळीवर निवडून आलेली संस्था आहे, तिला सगळे ओबोतो म्हणतात. 1994 चा कायदा, 1995 पासून सुरू. त्याआधी तांबोनचं सगळं कामनानच्या हातात होतं, आणि सुरुवातीला ओबोतोचं अध्यक्षपदही कामनानकडेच ठेवलं होतं, मग 1997 ची घटना आली, विकेंद्रीकरणाचा जोर झाला आणि कामनानला तिथून बाहेर काढलं. 2003 पासून ओबोतोचा प्रमुख थेट लोकांच्या मतांनी. गाव मोठं असेल, बाजारपेठ असेल तर ओबोतोऐवजी थेसाबान म्हणजे नगरपालिका, दान साय गावात तीच आहे. 1999 च्या कायद्यात असं लिहिलं की 2006 पर्यंत सरकारी उत्पन्नातला 35 टक्के वाटा या संस्थांना मिळेल, आणि 2006 उजाडलं तशी दुरुस्ती आली की किमान 25 टक्के, 35 हे ध्येय. यावरून काय समजायचं ते समजा. 2014 च्या लष्करी उठावानंतर तर या निवडणुका थांबवल्याच, ओबोतोच्या थेट 28 नोव्हेंबर 2021 ला झाल्या, तोवर तीच जुनी माणसं खुर्चीत.

मग नाय अम्फोचं काय उरलं? देखरेख. ओबोतोचं बजेट मंजुरीसाठी त्याच्याकडे जातं, नियमबाह्य काही केलं तर तो चौकशी लावून प्रांताच्या गव्हर्नरकडे पाठवू शकतो. म्हणजे निवडून आलेल्याने काम करायचं आणि नेमलेल्याने सही करायची. एकाच गावात फूयायबान वेगळा, ओबोतोचा सदस्य वेगळा, दोघेही त्याच लोकांनी निवडलेले, एक अम्फोला बांधलेला आणि एक ओबोतोला, आणि ते मेव्हणे असले तर सगळं छान चालतं, भाऊबंदकी असली तर गटार दोन वर्षं उघडं राहतं. हे मी चेष्टेने म्हणत नाहीये, प्रोजेक्ट घेऊन गावात जायच्या आधी आम्ही पहिली चौकशी हीच करायचो.

आणि दान सायमधे याच्याही वर एक माणूस आहे जो कुठल्याच कायद्यात नाही. चाओ फो कुआन. ग्रामदेवतांचा माध्यम म्हणा, केसांचा अंबाडा, पांढरे कपडे, त्याच्या जोडीला एक स्त्री माध्यम, चाओ मे नांग थिआम. दान सायचा फी ता खोन उत्सव तुम्ही फोटोत पाहिला असेल, भुतांचे मुखवटे घालून नाचतात तो, मुखवट्याचा वरचा भाग म्हणजे चिकट भात वाफवायची बांबूची टोपली आणि तोंड नारळाच्या झावळीच्या बुडख्याचं. हा बुन लुआंग नावाच्या तीन दिवसांच्या मोठ्या उत्सवाचा भाग आहे. पहिल्या दिवशी पहाटे अंधारात मान नदीतून फ्रा उपाकुतला, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या एका बौद्ध संताला, बोलावून आणतात, मग मिरवणूक, पावसासाठी बांबूचे रॉकेट, शेवटी वेस्सांतर जातकाची, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्माच्या कथेची, 13 प्रकरणं देवळात ऐकायची. तर या उत्सवाची तारीख कोण ठरवतं? गव्हर्नर नाही, नाय अम्फो नाही, टुरिझमवाले तर नाहीच नाही. देवता चाओ फो कुआनच्या तोंडून सांगतात, कधी जून निघतो कधी जुलै, आणि मग सगळी सरकारी यंत्रणा त्या तारखेभोवती बजेट, पोलीस बंदोबस्त आणि पोस्टर लावते. नवा नाय अम्फो आला की चाओ फो कुआनच्या घरी जाऊन पाया पडून येतो, तसा नियम कुठे लिहिलेला नाही, पण न जाणारा मी तरी ऐकला नाही.

आता कामाचं. मुलगी पोचली की पहिल्या आठवड्यात शाळेतल्या कुणाला तरी सोबत घेऊन फूयायबानच्या घरी जाऊन भेटू दे, जाताना थोडी फळं न्यावीत. गावात सकाळी लाउडस्पीकरवरून जो आवाज येतो तो बहुतेकदा त्याचाच असतो, लसीकरण कधी, पाणी कधी बंद, हरवलेली म्हैस कुणाची. तिच्या गाडीला कुत्रा आडवा आला, शेजारी रात्रभर गाणी लावतात, मीटर बिघडलं, असल्या नव्वद टक्के गोष्टी तिथेच मिटतात. कागदाचं काम असेल तर अम्फो, सोमवारी गेली तर सगळे खाकी गणवेशात दिसतील, घाबरायचं नाही, शिक्षक पण तसेच दिसतील. तक्रार असेल आणि कुणी ऐकत नसेल तर अम्फोमधेच दामरोंगथाम नावाचं तक्रार केंद्र असतं, हो, त्याच राजपुत्राच्या नावाचं.

आणि वरच्या सहीचं काही काम असेल तर ते ऑगस्टपर्यंत उरकायला सांगा. सरकारी वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं, साठी झालेले 30 सप्टेंबरला रिटायर होतात आणि त्यांच्या जागा भरायला वरपासून खालपर्यंत बदल्यांची रांग लागते, त्यामुळे सप्टेंबरमधे प्रत्येक नाय अम्फोचं अर्धं लक्ष आपल्या बदलीच्या ऑर्डरकडे असतं, आणि ऑक्टोबरमधे जो नवीन येतो तो म्हणतो मला जरा फाइल बघू द्या.